घरचा नकार की बाहेरचा नियम? मुलांच्या फास्ट फूडबद्दल थोडं अनुभवाचं

थोरली चार वर्षांची असल्यापासून ती दहाची होईपर्यंत आमच्या घरात एकच धोरण होतं: मुलांनी काय खायचं ते आईबाप ठरवतील, त्यासाठी कायदा कशाला? साखर, मीठ, तळलेलं यांचे तोटे तुम्हाला ठाऊक आहेत, ते पुन्हा उगाळत नाही. मुलांना त्यापासून लांब ठेवायचं काम कोणावर सोपवायचं, घरावर की नियमावर, एवढाच प्रश्न आहे. शाळेच्या आवारात फास्ट फूडची विक्री आणि जाहिरात बंद करण्याचा ठराव पालकसभेत येणार असेल आणि हात वर करावा की नाही हे ठरत नसेल, तर मी दोन्हीकडे काय पाहिलं ते सांगतो.

घरच्या जबाबदारीची बाजू भक्कम आहे, आणि ते मी आजही मानतो. घर मुलाला ओळखतं. एका बर्गरवर थांबणारं मूल कोणतं आणि न थांबणारं कोणतं, आज कोणाचा दिवस वाईट गेलाय म्हणून त्याला लाडाचं काही हवंय, हे कायद्याला कधीच कळणार नाही. शिवाय एक दिवस मुलाच्या हातात स्वतःचे पैसे येतात आणि शेजारी कोणी नसतं. तेव्हा कामी येते ती घरात लागलेली सवयच. न्यूयॉर्कमध्ये २००२ साली काही मुलांच्या वतीने मॅकडॉनल्ड्सवर लठ्ठपणासाठी खटला भरला गेला होता. न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी २००३ मध्ये तो फेटाळला. लोकांना त्यांच्याच अतिरेकापासून वाचवणं हे कायद्याचं काम नाही, असं त्यांच्या म्हणण्याचं सार होतं. तेव्हा मला ते शंभर टक्के पटलं होतं. मोठ्या माणसांपुरतं अजूनही बरंचसं पटतं.

मग बिनसलं कुठे? एका खेळण्यावरून.

धाकटा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला बर्गर आवडत नसे, अर्धा तर तो तसाच टाकायचा. त्याला हवं असायचं ते मुलांसाठीच्या डब्यातलं खेळणं. खेळणी सहा, दर आठवड्याला नवं एक, आणि सहाही जमली तरच संच पूर्ण. वर्गातल्या एका मुलाकडे चार झाली होती. म्हणजे सहा आठवडे रोज संध्याकाळी तोच हट्ट आणि माझा तोच नकार. मी समजावून पाहिलं, वेगळं खेळणं आणून दिलं, एकदा रागावलोही. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, ‘बाबा, तू सगळ्यालाच नाही म्हणतोस.’ त्यानंतर पोहायला जाऊ का, मित्राकडे थांबू का, हेसुद्धा तो मला न विचारता आईला विचारू लागला.

हे मला फार लागलं. वैयक्तिक जबाबदारी म्हणतात ती प्रत्यक्षात अशी दिसते. नकार देणारा घरचाच माणूस असतो आणि त्याची किंमत नात्यातून वसूल होते. ज्यांनी ते सहा आठवड्यांचं वेळापत्रक आखलं, त्यांना माझ्या मुलाने एकदाही वाईट म्हटलं नाही. खाण्याच्या निवडीबद्दल मी काही शिकवू शकलो असतो, पण इथे खाण्याचा संबंधच नव्हता. आणि नुसती मनाई उलटतेही. दिसेल असं ठेवून खाऊ नको म्हटलेल्या पदार्थाकडे मुलांचा ओढा वाढतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे आणि आमच्या स्वयंपाकघरातही.

मूल समजूतदार असेल तर ते आमिष ओळखेल, असं आपण धरून चालतो. पण साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा पटवण्याचा हेतू उमगत नाही, असं मानसशास्त्रज्ञ सांगतात. अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एकच पदार्थ दोन वेष्टनांत दिला होता, एक मॅकडॉनल्ड्सचं आणि एक कोरं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात जास्त मुलांना मॅकडॉनल्ड्सच्या वेष्टनातला घास चविष्ट लागला. गाजराच्या बाबतीतही तेच झालं! ते वाचलं आणि आपण घरी ज्याला ‘त्याची आवड’ म्हणतो तिच्यात त्याचं स्वतःचं किती, हा प्रश्न मला सोडेना.

नियमांची बाजूही डोळे झाकून घेण्यासारखी नाही. सॅन फ्रान्सिस्कोने नेमक्या या खेळण्यांवरच बोट ठेवलं होतं: ठरावीक पोषण निकष पाळणाऱ्या जेवणाबरोबरच खेळणं फुकट देता येईल, असा नियम. तो डिसेंबर २०११ पासून लागू झाला आणि दुकानांनी खेळण्याचे वेगळे १० सेंट घेऊन त्याला बगल दिली. डेन्मार्कने २०११ मध्ये चरबीयुक्त पदार्थांवर कर लावला आणि २०१३ उजाडताच तो काढून टाकला. नियम ढिसाळ असेल तर त्रास सगळ्यांना होतो आणि मूल होतं तिथेच राहतं.

पण नीट केलेले नियमही आहेत. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करायला १९८० पासून बंदी आहे. ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये शीतपेयांतल्या साखरेवर कर लावला. १०० मिलीलीटरमध्ये ५ ग्रॅमपासून एक दर, ८ ग्रॅमपासून त्याहून मोठा. कर टाळायला कितीतरी कंपन्यांनी आधीच पेयांतली साखर उतरवली. आईबापांना काहीच करावं लागलं नाही, मुलांशी वाद घालावा लागला नाही. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

मात्र माझं मत झुकलं ते दक्षिण अमेरिकेतल्या चिली या देशामुळे. तिथे २०१६ पासून साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का असतो. अशा पाकिटांवर मुलांना भुलवणारी कार्टून चालत नाहीत, खेळणी देता येत नाहीत आणि शाळेत ते पदार्थ विकता येत नाहीत. पहिल्या टप्प्यात गोड पेयांची खरेदी जवळजवळ २४ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासात दिसलं. पण तिथल्या आयांनी संशोधकांना सांगितलेली एक गोष्ट मला या आकड्यापेक्षा मोठी वाटते. शाळेत शिकून आलेली मुलंच दुकानात शिक्के बघून ‘हे नको घेऊस’ म्हणू लागली. तो नकार मुलाचा स्वतःचा होता, आणि घरची जबाबदारी म्हणून मला जे हवं होतं ते नेमकं हेच होतं. आधी नियमाने रस्ता मोकळा केला, मग ते आलं.

आमच्या शाळेत आवारातली विक्री आणि जाहिरात बंद करण्याचा ठराव आला तेव्हा मी हात वर केला. घरी महिन्यातून एकदा आम्ही बाहेर खातो आणि त्या दिवशी काय घ्यायचं ते मुलं ठरवतात. त्यात मी बोलत नाही.

तुमचं मूल पंधरा-सोळाचं असेल, स्वतःचे पैसे स्वतः सांभाळत असेल, तर कदाचित तुमचा कौल दुसरीकडे पडेल आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. मूल तीन ते दहाच्या दरम्यान असेल, तर मात्र खेळणं आणि कार्टून डब्यावरून हटवणारा नियम आधी मागा. ताटात काय वाढायचं ते बघायला तुम्ही घरी आहातच.