फटाकडी बघायची तर ८×४२ : निकॉन प्रोस्टाफ पी३

दुर्बीण घ्यायची म्हटलं की सगळे १० पटीच्या मागे लागतात. पाणथळीतले लपून राहणारे पक्षी बघायचे असतील तर ८×४२ च (८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) घ्या, असं मी ठामपणे सांगेन.

आमच्या इंदूरच्या सिरपूर तलावावर मी हिवाळ्यात जातो ते मुख्यतः छोटी फटाकडी, म्हणजे बेलॉन्स क्रेक, या पाणथळीतल्या पक्ष्यासाठी. लांबी जेमतेम १७ ते १९ सेंटिमीटर. उजाडताना किंवा दिवेलागणीला ती जलपर्णीच्या कडेला येते, चार पावलं टाकते की पुन्हा पाणकणसात गडप. अंग दोन्ही बाजूंनी चपटं, त्यामुळे दाट काड्यांतूनही सहज शिरते. चाहूल लागली तर उडण्याआधी पळ काढते. थंडीत फारशी ओरडत नाही, त्यामुळे आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपचा इथे उपयोग नाही. डोळ्यांनीच ओळख पटवावी लागते, तीही अपुऱ्या उजेडात.

इथे ८×४२ चा फायदा कळतो. ४२ भागिले ८, म्हणजे डोळ्याशी ५.२५ मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो, आणि झोत जितका रुंद तितकं अंधुक उजेडात चित्र उजळ. १०×४२ मध्ये तो ४.२ वर उतरतो. शिवाय हाताची थरथर कमी जाणवते.

परवा सौ.नं दंड दाबला, "अहो, हलू नका. डावीकडे, पानांवर." फटाकडी अगदी जवळ होती. माझी ही निकॉन दुर्बीण ३ मीटर इतक्या जवळही फोकस होते, म्हणून सगळं स्वच्छ दिसलं: राखी-निळसर चेहरा आणि छाती, कुशीवर काळे-पांढरे पट्टे, तपकिरी पाठीवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखी नक्षी. चोच सबंध हिरवट. मुळाशी लाल असती तर लिटल क्रेक या तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पक्ष्याचा विचार करावा लागला असता. लांबलचक बोटं पसरून ती पानांवरून चालत होती, आखूड शेपटी सारखी वर उडवत होती. किती देखणा पक्षी!

मला चष्मा आहे. डोळ्यांकडच्या रबरी वाट्या फिरवून आत घेतल्या की चष्मा न काढता पूर्ण चित्र दिसतं. दुर्बीण वॉटरप्रूफ आहे, दवाची काळजी नाही.

इंदूरजवळच्या यशवंतसागर जलाशयाच्या मधोमध बसलेली बदकं ओळखायला मात्र ८ पट पुरत नाहीत. तिथे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोपच (लांबचं बघायची जास्त पटीची एकनळी दुर्बीण) लागतो.