साइट सांभाळणारी वाशीची पोरं, एकदम भरवशाची

ठाण्याला नौपाड्यात आमचं फराळाचं दुकान आहे, ऑनलाइन ऑर्डरची साइट वाशीची दोन पोरं सांभाळतात आणि काम खरंच मनापासून करतात. जुन्या ब्राउझरचा सपोर्ट कधी काढायचा, म्हणजे त्यावर साइट नीट चालवायची कधी थांबवायची, हा प्रश्न आला तेव्हा इंटरनेट एक्सप्लोरर 11 लगेच काढला, तो मायक्रोसॉफ्टनेच 15 जून 2022 ला रिटायर केलाय, त्यात विचार कसला करायचा. पण जुन्या विंडोज 7 वर क्रोम ब्राउझर 109 व्या आवृत्तीच्या पुढे जातच नाही, आणि गोखले रोडचे एक काका अजून तसल्याच पीसीवरून दर गणपतीला चाळीस मोदक मागवतात. पोरांनी आधी लॉग, म्हणजे साइटवरच्या नोंदी, काढून कुठल्या ब्राउझरवरून किती ऑर्डरी येतात ते दाखवलं, मग म्हणाले ताई, दिवाळी होऊ दे, नवीन डिझाइन नंतर टाकू, आणि जुन्यावर फोटो सरकले नाहीत तरी चालेल पण ऑर्डरचं बटण चाललंच पाहिजे. आधीच्या माणसाने न सांगता बदल केला होता, बटण दाबलं की नुसतं गोल फिरत राहायचं, ऐन सणात फोन घेऊन घेऊन जीव गेला. फक्त ही पोरं रविवारी फोन उचलत नाहीत, तेवढं बघा रे.