दारूच्या दुकानाविरुद्ध: १८१ की मंगळवारची जनसुनावणी?

इंदूरच्या वस्तीतल्या बायकांपुढे नेहमीचा पेच: सीएम हेल्पलाइनला १८१ वर फोन लावावा, की मंगळवारी कलेक्टर कचेरीतल्या जनसुनावणीला जावं?

पैसे दोन्हीकडे लागत नाहीत, पण जनसुनावणीपायी धुणीभांडी करणारीचा खाडा होतो. १८१ घरबसल्या होतं, आणि फसगतही तिथेच. 'समाधान झालं का?' विचारणारा फोन नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. घरातलं कुणी 'हो' म्हणालं की तक्रार बंद. म्हणून नंबर सगळ्यांत ठाम बाईचा द्या.

जनसुनावणीला सह्यांच्या अर्जाच्या दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. पुढे १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज त्याच आधारावर करता येतो.

बंद दिवा, तुंबलेली नाली असेल तर १८१ पुरे. दुकान हटवायचं तर जनसुनावणीच: वीसजणींच्या सह्या असल्या की एकटीवर रोख राहत नाही.