वाशीच्या ऑफिसात मेलडिर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वाशीत आमचं कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस आहे, २२ माणसांचं. मेल सर्व्हर आमचाच: मेल आणून पोचवणारा पोस्टफिक्स आणि तो वाचायला देणारा डव्हकॉट २.३. आधी प्रत्येकाचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत साठायचे, म्हणजे एमबॉक्स. आता आठ महिने मेलडिर चालू आहे. त्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल.

बदल करायला लावला तो '>' या चिन्हाने. एमबॉक्समध्ये पुढचा मेल कुठून सुरू होतो हे 'फ्रॉम' आणि त्यानंतरची मोकळी जागा असलेल्या ओळीवरून कळतं. म्हणून मजकुरातलीच एखादी ओळ तशी सुरू झाली, की पोस्टफिक्स तिच्यापुढे '>' लावून ठेवतो. आमच्याकडे तर 'फ्रॉम न्हावा शेवा टू जेबेल अली' हे रोजचंच. एक्सपोर्ट बघणाऱ्या ताई ती चिन्हं एकेक करून पुसायच्या आणि मगच मजकूर पार्टीला पाठवायच्या. मेलडिरमध्ये ही भानगडच नाही. जुन्या मेलमधली चिन्हं मात्र रूपांतरानंतरही तशीच आहेत.

वेगातला फरकही पहिल्याच आठवड्यात जाणवला. ताईंची फाइल ३ जीबीच्या पुढे गेली होती; मधले चार मेल काढून टाकले तरी मागचा सगळा भाग पुन्हा लिहिला जायचा आणि तेवढा वेळ फाइलीला कुलूप. आता मेल आधी 'टीएमपी' फोल्डरमध्ये पूर्ण लिहिला जातो, मगच 'न्यू' फोल्डरमध्ये सरकतो. मध्येच वीज गेली तरी अर्धवट मेल इनबॉक्समध्ये दिसत नाही.

पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये एक तिरकी रेघ ('/') फार महत्त्वाची आहे. होम-मेलबॉक्सच्या ओळीत 'मेलडिर'नंतर ती द्यायलाच हवी. चाचणीत माझ्याकडून राहिली, आणि पोस्टफिक्सने मेलडिर नावाची एमबॉक्स फाइलच बनवली!

पुढे सीव्हचे, म्हणजे मेल आपोआप फोल्डरांत लावणारे, नियम हवे होते म्हणून डिलिव्हरी एलएमटीपीने (एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे मेल सोपवायचा प्रोटोकॉल) डव्हकॉटकडे सोपवली. इथे घाम फुटला. आमची खाती युनिक्सची, नुसत्या नावाची. एलएमटीपीने मात्र पूर्ण पत्ता पुढे दिला, आणि डव्हकॉट म्हणाला, असा युजरच नाही. डव्हकॉटच्या ऑथ-युजरनेम-फॉरमॅट सेटिंगमध्ये '%Ln' (पत्त्यातलं नुसतं नाव, लहान अक्षरांत) घातल्यावर सुटलं. असा बदल करताना पोस्टफिक्सचं सॉफ्ट-बाउन्स चालू ठेवाच. नकार मिळालेले मेल पाठवणाऱ्याकडे परत न जाता रांगेत थांबतात. त्या दुपारी आमचा एकही मेल हरवला नाही तो यामुळेच. एलियस (पर्यायी पत्ते) आणि फॉरवर्डच्या फाइलींना हात लावावा लागला नाही, कारण पोस्टफिक्स त्या आधीच बघतो.

तक्रार आहे ती बॅकअपची. मेलबॉक्स उघडली की नव्या मेलच्या फाइलीच्या नावात कोलन येतो. आमची बाहेरची डिस्क एक्सफॅट फॉरमॅटची, आणि तिथे नावात कोलन चालत नाही. पहिल्या शनिवारी कॉपी अर्ध्यावर थांबली. आता आधी सगळ्या फाइलींची एकच टार फाइल करतो, मग डिस्कवर टाकतो. शिवाय वाचल्यावर नाव बदलतं म्हणून कॉपी करणारा आरसिंक प्रोग्राम तोच मेल नवा समजून पुन्हा कॉपी करतो. त्यामुळे बॅकअप रात्री, सगळे घरी गेल्यावरच लावतो. फाइली ढिगाने वाढतात, तेव्हा नुसती मोकळी जागा बघून भागत नाही; डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडला 'आय' लावून आयनोड (प्रत्येक फाइलीला एक लागतो) किती उरलेत तेही दर सोमवारी बघतो.