कासचं बी म्हणून राजगिरा आला घरी

आमच्या परसात न्हाणीमागची दोन खाटांएवढी जागा जूनपासून दिवाळीपर्यंत ओलीच असते. जास्वंद लावली, मुळं कुजली. अबोलीही गेली. म्हटलं, ओलीतच वाढणारी रानफुलं लावू. नेमकी तेव्हाच मोबाईलवर जाहिरात आली: 'कास पठाराची रानफुलं, ओलसर जमिनीसाठी खास मिश्र बी'. फोटोत सीतेची आसवं, तेरडा, गेंद, सोनकी, सगळं एकदमच फुललेलं.

फोनवरचा माणूस गोड. "ताई, शेणखत भरपूर घाला, बाकी काळजी माझी." ५० ग्रॅमचे ६५० रुपये, यूपीआयवर आगाऊ. इथेच मला खटकायला हवं होतं. सीतेची आसवं म्हणजे कीटकभक्षी वनस्पती. कातळावरच्या पातळ, निकस मातीत, वाहत्या ओलीत ती जगते आणि बारीक फुग्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. तिला शेणखत? शिवाय तिचं बी धुळीसारखं, ते गोळा कुणी केलं? आणि कासला तर फूल तोडायलाही बंदी!

पाकिटावर ना झाडांची नावं, ना तारीख. आत काळपट, सुईसारखं, एका टोकाला चोच असलेलं बी आणि खसखशीएवढे पिवळट दाणे. तरी पेरलं. श्रावणात त्या दाण्यांचा राजगिरा निघाला. (भाजी करून खाल्ली, तेवढीच वसुली.) चोचवाल्या बियांची चिखलातली रोपं सडली, पण कडेच्या उंचवट्यावर गणपतीत केशरी फुलं आली. कॉसमॉस! मूळचा मेक्सिकोचा, पुण्याच्या टेकड्यांवर आधीच माजलेला. बी धरायच्या आत एकूण एक उपटला.

फोन केला तर मी ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पैसे अजून आलेले नाहीत. जाहिरात मात्र नव्या नावाने फिरतेच आहे.

सासूबाई म्हणाल्या, "अगो, तेरडा कुणी विकत घेतं का?" आमच्याकडे गौरी तेरड्याचीच. गेल्या वर्षी गौरी-विसर्जनानंतर व्हाळाकाठच्या तेरड्यावर त्यांनी नजर ठेवली. फुगलेल्या शेंगा बोट लागताच फुटतात, म्हणून मुठीत धरूनच खुडल्या. ते बी जूनच्या पहिल्या सरीत नुसतं विस्कटलं, खत नाही, काही नाही. आता न्हाणीमागे गुडघ्याच्या वर तेरडा आहे.

उरलेलं पाकीट फडताळात ठेवलंय. कुणी 'कासचं बी' घ्यायला निघालं की आधी ते दाखवते.