असामान्यत्व, वेगळेपण की अपूर्वाई : कुठे कोणता शब्द घ्यावा?

शिफारसपत्र, मानपत्र, पुस्तकाचं परीक्षण, शोकसंदेश, यांपैकी काहीही लिहायला घेतलं की कोणाचं तरी असामान्य असणं शब्दांत धरावं लागतं. अशा शब्दांची मराठीत रेलचेल आहे, म्हणून हाताला लागेल तो उचलला जातो आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस वाक्यातून निसटतो. हे मला मनापासून खटकतं. निवडीसाठी मला एकच कसोटी उपयोगी वाटते : हा शब्द तुलना कोणाशी करतो? चारचौघांशी, आजवरच्या काळाशी, की ठरलेल्या नियमाशी?

सगळ्यात जास्त घोटाळा असामान्य आणि असाधारण यांच्यात होतो. दोघं जुळे समजले जातात, पण वापरात त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. 'असामान्य'ची नजर सरासरीवर असते. तपासणीच्या अहवालात 'असामान्य पेशी आढळल्या' असं वाचलं की काळजात धस्स होतं, आणि 'असामान्य धैर्य' वाचलं की मान आदराने लवते. सरासरीपासून लांब, एवढंच हा शब्द सांगतो. बऱ्याकडे की वाईटाकडे, ते शेजारचं नाम ठरवतं. त्यामुळे 'त्या असामान्य होत्या' एवढ्यावर वाक्य थांबवू नये. 'असामान्य सहनशक्ती', 'असामान्य स्मरणशक्ती' असं काहीतरी सोबत हवंच.

'असाधारण'चा पिंड निराळा. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, एखाद्या वस्तूचं लक्षण म्हणजे तिचा असाधारण धर्म, म्हणजे जो तिच्यात सापडतो आणि इतरांत सापडत नाही. तिथलं ठरलेलं उदाहरण गाईचं आहे. शिंगं आणि चार पाय इतर जनावरांनाही असतात, म्हणून गाईची खूण म्हणून गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी सांगितली जाते. त्या पोळीमुळे गाय थोर ठरत नाही, ओळखू येते. शासनाच्या राजपत्राचा 'असाधारण' अंक निघतो, त्यातही कौतुकाचा लवलेश नसतो. तो नेहमीच्या अंकाखेरीज काढलेला असतो, इतकंच.

शिफारसपत्रासाठी म्हणूनच मी 'असाधारण'च्या बाजूने आहे, पण खूण दाखवण्याच्या अटीवर. 'तिच्याकडे असाधारण क्षमता आहे' हे वाक्य कोणाच्याही पत्रात खपून जातं. 'जुळत नसलेल्या हिशेबात कोणती नोंद चुकली आहे, हे ती पहिल्याच वाचनात दाखवते. इथे तिचं असाधारणत्व दिसतं' हे वाक्य दुसऱ्या कोणाला लावताच येणार नाही.

'अपवादात्मक' या कामाला घेऊच नका. 'अपवादात्मक परिस्थितीत मुदत वाढवता येईल' अशी त्याची जागा नियमांच्या भाषेत आहे. 'अपवादात्मक गायिका' म्हटलं की इंग्रजी वाक्य उलथवल्यासारखं वाटतं आणि कौतुक पोचतच नाही. 'विलक्षण' मात्र जिवंत शब्द आहे. विलक्षण बुद्धी, विलक्षण वेदना, विलक्षण शांतता, सगळीकडे तो चालतो, कारण त्यात चकित होणं आहे. पण 'मोठा विलक्षण माणूस आहे' हे ऐकणाऱ्याला स्तुती वाटेल की तक्रार, याचा भरवसा नाही. माणसाला थेट लावण्यापेक्षा त्याच्या गुणाला लावलेला बरा.

काळाशी तुलना करायची असेल तर अपूर्व, अभूतपूर्व आणि अपूर्वाई. पहिल्या दोघांचा शब्दशः अर्थ जवळपास एकच, पण 'अभूतपूर्व गोंधळ' सहज म्हणता येतं आणि 'अपूर्व गोंधळ' म्हटलं तर तो टोमणा होतो. 'अपूर्व'ला कौतुकाची सवय लागली आहे, तर 'अभूतपूर्व' हा पडताळता येईल असा दावा आहे. आधी असं घडलेलं नाही हे माहीत असेल, तरच तो करावा. आणि अपूर्वाई? ती वस्तूपेक्षा पाहणाऱ्याच्या मनात जास्त असते. अपूर्वाई 'वाटते', आणि नव्याचे नऊ दिवस सरले की ओसरते. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या मुलाबद्दल लिहिताना याहून नेमका शब्द नाही. टिकाऊ गुणासाठी मात्र तो चुकीचा.

'अद्वितीय'ला पायऱ्या नसतात. छांदोग्य उपनिषदात 'एकमेवाद्वितीयम्' हे 'सत्'बद्दल, म्हणजे मूळ अस्तित्वाबद्दल आलं आहे, तिथे दुसऱ्याला जागाच नाही. म्हणून 'अतिशय अद्वितीय' किंवा 'अद्वितीय लेखकांपैकी एक' ही वाक्यं आपलाच पाय ओढतात. तुलनेला खरोखरच कोणी नसेल, तर अनन्वय अलंकाराची, म्हणजे ज्याची त्याच्याशीच तुलना करण्याची, साधी वाट जास्त परिणाम करते : 'आईसारखी आईच.' अप्रतिम आणि अनुपम इतके सैल वापरले गेले आहेत की परीक्षणात तरी टाळावेत. बेजोड, लाजवाब बोलण्यात झकास, पण त्यांची भाववाचक नामं जमत नाहीत.

परीक्षणासाठी माझी पसंती वेगळेपण आणि आगळेपण यांना. 'वेगळेपण' फरक दाखवतं आणि बरं-वाईट वाचकावर सोपवतं. जुन्या मराठीत 'आगळा' म्हणजे अधिक, वरचढ, त्यामुळे 'आगळेपणा'त थोडी दाद आपोआप येते. कादंबरी वेगळी आहे पण फसली आहे, असं म्हणायचं असेल तर 'आगळी' लिहून चालणार नाही. 'श्रेष्ठत्व' शब्द वापरलात, तर कोणापेक्षा श्रेष्ठ, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तयार ठेवा.

राहिले अलौकिक आणि लोकोत्तर. दोन्ही शब्द माणसाला लोकांमधून उचलून वर नेऊन बसवतात. ज्यांचं कार्य पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं, त्यांच्या मानपत्रात ते शोभतात. शोकसंदेशात मात्र त्यांच्यामुळे घरच्यांना आपला ओळखीचा माणूस दिसेनासा होतो. तिथे साधं 'मोठेपण' घ्या आणि लगेच पुढच्या वाक्यात ते मोठेपण तुम्हाला कशात दिसलं, तो प्रसंग लिहा.