बॅरोलँडची हलणारी फरशी आणि स्टिफ लिटल फिंगर्स

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या बॅरोलँड हॉलची फरशी लाकडी आहे आणि ती हलते. ऐकीव सांगत नाही, तळपायांनी अनुभवलंय. स्टिफ लिटल फिंगर्स या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या पंक बँडचं पहिलं गाणं सुरू झालं, आजूबाजूची पन्नाशी-साठीची माणसं उड्या मारायला लागली आणि माझ्या पायाखालची जमीन झोपाळ्यासारखी खाली जाऊन वर आली. माझ्या सतरा वर्षांच्या लेकाने माझा दंड घट्ट धरला. "आई, हे पडणार नाही ना?"

नाही पडत. मूळचा हा नाचाचा हॉल. रात्रभर नाचणाऱ्यांच्या पायांना त्रास होऊ नये म्हणून फरशी मुद्दाम अशी लवचीक बांधलेली आहे. ग्लासगोच्या पूर्वेकडे गॅलोगेट नावाच्या रस्त्यावर, एका जुन्या बाजाराला लागून हा हॉल आहे. बाजाराचं नाव बॅराज, म्हणजे हातगाड्या. मॅगी मॅकआयव्हर नावाची बाई फेरीवाल्यांना हातगाड्या भाड्याने द्यायची. त्यातून तिने बाजार उभा केला आणि 1934 साली त्याच्या डोक्यावर हा नाचाचा हॉल. ती दरवर्षी नाताळात आपल्या फेरीवाल्यांना जेवण आणि नाच द्यायची. एका वर्षी नेहमीचा हॉल मिळाला नाही, म्हणून तिने स्वतःचाच बांधायला घेतला, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. 1958 मध्ये तो जळला, 1960 मध्ये पुन्हा उभा राहिला. क्रॉफर्ड मार्केटबाहेरच्या गाडीवाल्यांना बघत मी मोठी झाले. हातगाड्यांच्या पैशातून उभा राहिलेला हॉल म्हटल्यावर मला तो लगेच आपला वाटला.

ग्लासगोत येऊन मला सतरा वर्षं झाली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. आमच्या लॅबमध्ये एक बेलफास्टचे गृहस्थ होते, आता निवृत्त झालेत. मार्च उजाडला की त्यांच्या तोंडात एकच विषय असायचा. आयर्लंडचा सेंट पॅट्रिकचा दिवस 17 मार्चला असतो, आणि त्याच्या आसपास स्टिफ लिटल फिंगर्स बॅरोलँडला वाजवतात. हा रिवाज 90 च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा. आपल्याकडे सवाई गंधर्वची वाट बघणारी माणसं जशी डिसेंबरातल्या रजा आधीच टाकून ठेवतात, तसे हे मार्चची रजा जानेवारीत टाकायचे. रात्रपाळीत एकदा त्यांनी मला हेडफोनवर एक गाणं ऐकवलं. मायक्रोस्कोपवरून डोळे उचलून मी ते तीन वेळा ऐकलं. ते कुठलं आणि का, ते पुढे सांगते.

बँडबद्दल थोडं. 1977 साली बेलफास्टमध्ये चार पोरं एकत्र आली. आधी ती डीप पर्पल या रॉक बँडची गाणी वाजवायची, मग पंक, म्हणजे वेगवान, रागीट, साधंसुधं रॉक, त्यांच्या कानांवर पडलं. बेलफास्टमध्ये तेव्हा रस्त्यारस्त्यावर सैन्य होतं, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या मध्ये भिंती होत्या, दुकानात शिरताना झडती व्हायची. गॉर्डन ओगिल्व्ही नावाचा पत्रकार त्यांना भेटला आणि तुम्ही रोज जे बघता त्याच्यावर लिहा, असं त्याने सुचवलं. 1978 मध्ये त्यांनी स्वतःच्या रेकॉर्ड लेबलवर 'सस्पेक्ट डिव्हाइस' काढलं, म्हणजे पोलिसांच्या भाषेत संशयित वस्तू. आपल्या लोकलमध्ये ज्या बेवारस वस्तूंची घोषणा होते, तीच. रेडिओ निवेदक जॉन पीलने बीबीसीवर ते पुन्हा पुन्हा वाजवलं. 1979 च्या फेब्रुवारीत 'इन्फ्लॅमेबल मटेरियल' हा पहिला अल्बम आला आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत 14 व्या क्रमांकापर्यंत गेला. रफ ट्रेडसारख्या छोट्या, स्वतंत्र कंपनीचा अल्बम पहिल्या वीसात जाण्याची ती पहिली वेळ. गाणारा जेक बर्न्स तेव्हा जेमतेम वीस-एकवीस वर्षांचा होता.

आता तो पासष्टी ओलांडून गेलाय. अंगाने भरलाय, चष्मा आहे. त्याच्या शेजारी बासवर अली मॅकमॉर्डी, तोही अगदी सुरुवातीच्या दिवसांतला. 1980 च्या दशकात बँड फुटला, पुन्हा जुळला, माणसं बदलली. पण त्या रात्री हे दोघे खांद्याला खांदा लावून एकाच माइकसमोर आले तेव्हा हॉलमधून जो आवाज उठला, तो गणपतीची मूर्ती मंडपातून उचलताना उठतो तसा होता.

थोडी मागे जाते. आम्ही दीड तास आधी पोहोचलो, हे फार बरं झालं. हॉलच्या बाजूच्या छोट्या बागेत एक पायवाट आहे. जिम लॅम्बी नावाच्या कलाकाराने ती केलीय. फडताळात उभ्या लावलेल्या रेकॉर्डच्या कडा दिसतात तशा रंगीत पट्ट्या जमिनीवर आखल्यात आणि प्रत्येकीवर बॅरोलँडला वाजवून गेलेल्या बँडचं नाव नि तारीख आहे. लेक वाकून एकेक नाव वाचत चालला होता. तोवर संध्याकाळ झाली आणि दर्शनी भिंतीवरची निऑनची पाटी लागली. रंगीत तारे, मोठी अक्षरं, आणि त्या उजेडात न्हाऊन निघालेला पावसाने ओला रस्ता. दादरच्या जुन्या सिनेमागृहांच्या दिव्यांची आठवण आली.

जिना चढून वर जायचं. वर गेलं की छत कमानीसारखं, त्यावर तारे. खुर्च्या नाहीत, सगळे उभे. एकोणीसशेच्या आसपास माणसं मावतात, म्हणजे मोठी जागा नव्हेच. गेल्या वर्षी मी एका मोठ्या इनडोअर स्टेडियममध्ये दुसऱ्या एका नावाजलेल्या बँडला गेले होते. जागा इतकी लांब मिळाली की अख्खा कार्यक्रम पडद्यावर बघितला. त्याच्यापेक्षा घरी टीव्ही बरा. इथे मधोमध उभं राहूनही मला जेकच्या गिटारच्या पट्ट्यावरची झीज दिसत होती.

आधी एक तरुण बँड वाजला, बरा होता. मग दिवे गेले आणि 'गो फॉर इट' हे बिनशब्दांचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. बँड दर वेळी याच्यावरच स्टेजवर येतो. शब्दच नाहीत, तर ही माणसं गिटारची धून गळ्यातून गातात! दीड-दोन हजार लोक, "ओ ओ ओ" करत, हात वर. त्यात ग्लासगोची स्वतःची एक घोषणा आहे, "हिअर वी, हिअर वी", तिची भर पडली. माझ्या पुढे एक टक्कल पडलेले आजोबा होते, पाठीवर फाटून पुन्हा शिवलेलं लेदर जॅकेट. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी, आणि तिच्या शेजारी तिची मुलगी, कानांवर गुलाबी इअरमफ लावलेली. मी मनात म्हटलं, ही तर वारी आहे.

'ॲट दि एज', 'नोबडीज हिरो', 'टिन सोल्जर्स' अशी गाणी होत गेली. 'टिन सोल्जर्स' कमी वयात सैन्यात भरती होऊन अडकलेल्या मुलावर आहे, आणि त्याचा ढोलाचा ठेका ऐकताना फरशी सगळ्यात जास्त हलली. जेकचा आवाज पूर्वीही घासलेलाच होता, आता त्याला खाली वजन आलंय. वरच्या पट्टीतली ओळ तो कधी कधी लोकांवर सोडतो. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण लोक ती सोडत नाहीत. मधली दोन नवी गाणी मला थोडी सैल वाटली, हेही सांगून टाकते. गाण्यांच्या मध्ये तो बराच बोलतो. ज्यांना सलग आदळआपट हवी असते त्यांना कंटाळा येईल, पण मला ते बोलणं हवं होतं. हा माणूस आपली गाणी कुणासमोर टाकून निघून जात नाही, ती कुठून आली ते सांगतो.

मग 'वेस्टेड लाइफ' आलं. तेच, रात्रपाळीत हेडफोनवर ऐकलेलं.

हे गाणं बेलफास्टच्या पोराचं आहे. गल्लीतल्या हत्यारबंद टोळ्या त्याला बोलावताहेत. तो त्यांना नाही म्हणतो. मी कुणासाठी मारणार नाही, माझं आयुष्य वाया घालवणार नाही, एवढंच. जानेवारी 1993 मध्ये, मुंबईतल्या दंगलींच्या वेळी, मी तेरा वर्षांची होते. आम्ही भायखळ्याला चाळीत राहायचो. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर, कर्फ्यूमुळे डेपोतच अडकलेले. चाळीच्या गच्चीवर सोडावॉटरच्या बाटल्या आणि ट्यूबलाइटी जमवून ठेवल्या होत्या. दादा अठरा वर्षांचा. रात्री नऊला गल्लीतली चार पोरं दारात आली. "चल, सगळे खाली आलेत. तू काय बायकांत बसणार?" दादा उठला. आई तांदूळ निवडत होती. तिने सूप उचललं, उंबरठ्यावर आडवी बसली आणि तिथेच तांदूळ निवडायला लागली. एक शब्द बोलली नाही. एक खडा काढून बाहेर टाकला, मग दुसरा. पोरं दोन मिनिटं उभी राहिली आणि गेली. दादा आत भिंतीकडे तोंड करून बसला. पुढची कित्येक वर्षं गल्लीत त्याला भित्रा म्हणायचे. तो कधी काही बोलला नाही, आणि आम्हीही कधी त्याला म्हटलं नाही की तू बरोबर वागलास.

बॅरोलँडमध्ये दोन हजार माणसं तो नकार एका आवाजात ओरडत होती. त्यातल्या कित्येकांची घरं बेलफास्ट किंवा डेरी या उत्तर आयर्लंडच्या शहरांतून आलेली असणार. आणि ग्लासगोतही कुठला मोहल्ला कॅथलिकांचा, कुठला प्रोटेस्टंटांचा, कुठल्या फुटबॉल क्लबचा, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या नकाराला इतका मोठा आवाज असू शकतो हे मला तेरा वर्षांची असताना कुणी ऐकवायला हवं होतं. दादाला तर हवंच होतं. मी मोबाइल वर धरला आणि चाळीस सेकंद रेकॉर्ड केलं. एरवी मला कार्यक्रमात मोबाइल काढणारे आवडत नाहीत.

त्यानंतर 'माय डार्क प्लेसेस'. 2014 च्या अल्बममधलं, जेकच्या स्वतःच्या नैराश्यावरचं. तो त्याबद्दल मोकळेपणाने बोलला, आणि गोंदवलेल्या हातांची ती दांडगी माणसं अगदी गप्प झाली. पुढच्या आजोबांनी जॅकेटच्या बाहीने डोळे पुसले. नातीने वर बघितलं आणि त्यांचा हात धरला.

शेवट 'अल्टरनेटिव्ह अल्स्टर'ने, अल्स्टर म्हणजे त्यांचा उत्तर आयर्लंडचा मुलूख. दुसऱ्या कशाने होऊच शकत नाही. त्याच नावाचं एक फॅन्झिन बेलफास्टमध्ये निघायचं, पोरांनी हाताने जुळवून छापलेलं मासिक, त्याच्यासाठी हे गाणं लिहिलं गेलं. इथे काही घडत नसेल तर तुम्ही घडवा, अशी त्याची हाक. सुरुवातीची गिटार एकटी वाजते, दोन-चार क्षणच, आणि तेवढ्यात सगळा हॉल श्वास रोखतो. मग ढोल पडतो. माझा लेक माझ्याजवळ नव्हताच. तो पुढे, गर्दीच्या घुसळणीत शिरला होता. मला फक्त त्याचे हात दिसत होते. एकदा तो पडला. मी पुढे सरकायच्या आत तीन माणसांनी त्याला काखेत हात घालून उभं केलं, एकाने त्याचा चष्मा उचलून शर्टाला पुसून दिला.

जाणार असाल तर तिकीट शरद ऋतूतच काढून टाका. आम्ही दोघांच्या तिकिटांना आठवड्याच्या किराण्याएवढे पैसे मोजले, आणि पुढच्या वर्षीही मोजीन. इअरप्लग न्या, मुलांना तर हवेतच. बंद बूट घाला, जाड तळव्यांचे. स्वेटर नका नेऊ, आत मुंबईचा मे महिना असतो. धक्के नको असतील तर मागच्या बाजूला उभं राहा, तिथूनही छान दिसतं. लेकाने अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या ज्वाळा छापलेला काळा टी-शर्ट घेतला. तेव्हापासून तो फक्त धुवायला काढतो.

बाहेर आलो तेव्हा अकरा वाजले होते, म्हणजे मुंबईत पहाटेचे साडेचार. दादा आता बेस्टमध्ये ड्रायव्हर आहे आणि त्या आठवड्यात पहिली पाळी होती. मी ते चाळीस सेकंद पाठवले. दोन मिनिटांत त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागे डेपोत इंजिनं सुरू होत होती. "आवाज फाटलाय गं. शब्द कळत नाहीत. मराठीत सांग ना, काय म्हणतोय तो?"

गॅलोगेटच्या बसस्टॉपवर, ओल्या बाकड्याशेजारी उभी राहून मी त्याला फोन लावला आणि पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली. बस आली तेव्हा मी दुसऱ्या कडव्यावर होते. लेकाला म्हटलं, ही जाऊ दे, पुढची पकडू.